हान्स कुठे बघतोय?

दुपारचे बारा वाजायला आलेत. साल १९०४, उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. उत्तर बर्लिनमधल्या ग्रीबेनो रस्त्यावरच्या एका फरसबंद अंगणात तुम्ही गर्दीत उभे आहात. चहूबाजूंनी उंच इमारती. आत यायला तिकीट नाही, त्यामुळे गर्दी रोजच होते.

मधोमध पांढऱ्या केसांचा, सत्तरीकडे झुकलेला माणूस, डोक्यावर रुंद काठाची काळी हॅट. हे विल्हेल्म फॉन ओस्टेन, निवृत्त गणित शिक्षक. शेजारी त्यांचा विद्यार्थी, हान्स नावाचा रशियन घोडा. चाबूक कुठेही दिसत नाही. बक्षिसाला पाव आणि गाजरं, शिकवायला फळा आणि लाकडी खुंट्या. एखाद्या हुशार पण गरीब मुलाला शिकवावं, तसं त्यांनी या घोड्याला वर्षानुवर्षं शिकवलंय.

“दोन छेद पाच अधिक एक छेद दोन?” मास्तर विचारतात. हान्स पुढचा उजवा पाय आपटू लागतो. नऊ टापा. थांबतो. मग दहा टापा. नऊ छेद दहा. “आठ तारीख मंगळवारी आली, तर त्यापुढच्या शुक्रवारी कितवी?” अकरा टापा. गर्दीतून उद्गार उमटतात.

तुम्ही मराठी मुलखातून आलेले. गुबुगुबु वाजली की दारात आलेला नंदीबैल मान डोलावतो आणि ते त्याला शिकवलेलं असतं, हे तुम्ही लहानपणापासून जाणता. साहजिकच तुमची नजर मास्तरांच्या हातांवर जाते. हात स्थिर आहेत. मास्तर बाजूला होतात, एक परका माणूस प्रश्न विचारतो, आणि हान्स त्यालाही बरोबर उत्तर देतो. आता काय म्हणाल?

तुमच्याहून जाणकार माणसांनाही काही सापडलेलं नाही. १२ सप्टेंबरला तेरा जणांची समिती लेखी निर्वाळा देते: इथे जाणूनबुजून केलेला कुठलाही इशारा नाही. समितीत मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुंफ आहेत, प्राणिसंग्रहालयाचे संचालक आहेत, आणि जनावरांना शिकवण्याच्या सगळ्या खुब्या कोळून प्यायलेले सर्कसमालक पाउल बुश आहेत. निर्वाळा खराच आहे. मास्तर प्रामाणिक आहेत, आणि या प्रकरणाची खरी अडचण त्यांचा प्रामाणिकपणा हीच आहे. लबाड माणूस निदान आपण काय करतोय हे जाणून असतो.

ऑक्टोबरात याच अंगणात पुन्हा या. बघ्यांचा त्रास नको म्हणून कनातीचा तंबू उभारलाय. आत श्टुंफ यांच्या संस्थेतला ऑस्कर फुंग्स्ट नावाचा तरुण आहे. घोड्याला बुद्धी आहे की नाही, या वादात तो पडत नाही. तो एक साधी गोष्ट करतो. आकडे लिहिलेले पुठ्ठे घेतो. काही वेळा प्रश्न विचारणारा आकडा बघून पुठ्ठा हान्सपुढे धरतो, काही वेळा स्वतः न बघता धरतो. तुम्ही तंबूच्या कडेला उभे राहून टापा मोजा. विचारणाऱ्याला आकडा ठाऊक असला की शंभरात ९८ उत्तरं बरोबर. ठाऊक नसला की शंभरात ८.

मला हा क्षण मानसशास्त्राच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर क्षणांपैकी एक वाटतो. अवजड यंत्र नाही, मोठा सिद्धान्त नाही. कोणाला काय ठाऊक आहे, एवढंच बदललं आणि सगळा चमत्कार कोसळला.

मग फुंग्स्ट हान्सला मोठी झापडं लावतो. हान्स मान ताणतो, दोऱ्या ओढतो, काहीही करून विचारणाऱ्याला बघू पाहतो. तो दिसला की ८९ टक्के उत्तरं बरोबर, दिसला नाही की ६ टक्के. इतके दिवस तुम्ही मास्तरांचे हात बघत होता. हान्स कुठे बघतोय, हे बघायला हवं होतं.

आता त्याच्या जागी उभे राहून बघा. प्रश्न विचारला की माणूस टापा मोजायला किंचित पुढे झुकतो. हान्स सुरुवात करतो. उत्तर जवळ येतं तसा विचारणाऱ्याच्या मनातला ताण वाढत जातो. योग्य टाप पडते, ताण सुटतो, आणि डोकं नकळत अगदी थोडं वर उचललं जातं. हान्स थांबतो. मास्तरांच्या त्या रुंद हॅटमुळे हालचाल घोड्याला आणखी स्पष्ट दिसते. फुंग्स्ट काहीही न विचारता नुसता पुढे वाकतो, तरी टापा सुरू होतात. मुद्दाम डोकं उचलतो, त्या आकड्यावर टापा बंद.

एवढ्यावर तो थांबत नाही, म्हणून तो मोठा. प्रयोगशाळेत परतल्यावर तो स्वतःच घोडा होतो. समोरच्याने मनात आकडा धरायचा, फुंग्स्ट हाताने टकटक करणार आणि समोरच्याच्या डोक्याकडे बघत योग्य ठिकाणी थांबणार. २५ जणांवर त्याने हे करून पाहिलं. दोघे वगळता सगळ्यांची डोकी हलली, आणि आपण हललो याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांना नुसतं विचारलं असतं, तर त्यांनी शपथेवर ‘नाही’ सांगितलं असतं. त्यांच्या मनात काय चाललंय हे त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या मानेने अचूक सांगितलं.

हान्सला गणित येत नव्हतं, पण समोरच्या माणसाचं समाधान कधी होतं हे त्याला कळत होतं. याला मी छोटी बुद्धी म्हणणार नाही.

मास्तरांना मात्र हे पचलं नाही. त्यांनी पुढचे प्रयोग बंद करवले. १९०९ मध्ये ते वारले, आणि हान्स एल्बरफेल्डच्या कार्ल क्राल या जवाहिऱ्याकडे गेला. माणसाने आयुष्याची इतकी वर्षं मनापासून ज्यात घातली, त्यात आपलीच मान बोलत होती हे ऐकणं किती कठीण असेल!

फुंग्स्टचं पुस्तक १९०७ मध्ये निघालं. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी मानसशास्त्राने फक्त दिसणारं वर्तनच अभ्यासावं असा आग्रह धरला. माझ्या मते तो आग्रह अतिरेकी होता, कारण ग्रीबेनो रस्त्यावरची सगळी गोष्ट विचारणाऱ्याच्या आतल्या अपेक्षेवर चालत होती, आणि त्या अपेक्षेचा माग हालचालीतूनच लागला.

शेवटची उडी १९९०च्या दशकातल्या अमेरिकेत घ्या. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांचा हात मदतनीस धरतात आणि मुलं कळफलकावर लांब वाक्यं लिहितात. आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी. काही वाक्यांत घरच्यांवर अत्याचाराचे आरोप आहेत, प्रकरणं पोलिसांपर्यंत जातात. मग कोणीतरी मुलाला एक चित्र दाखवतं आणि मदतनिसाला दुसरं. कळफलकावर मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचं नाव उमटतं. मदतनीस ढोंगी नव्हते. फॉन ओस्टेनही नव्हते. पण मुलांचा स्वतःचा आवाज तेवढे दिवस कोणीच ऐकला नव्हता.

म्हणून कोणी तुम्हाला मुलाची, जनावराची किंवा यंत्राची थक्क करणारी उत्तरं दाखवली, तर एक करा. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाला खोलीबाहेर पाठवा, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावा.