एका रोग्याचा शब्द

इतिहास म्हटला की आपणांस लढाया आणि तह आठवतात. आज आम्ही ज्या इतिहासाकडे वळणार आहोत, त्याच्याविषयी चारचौघांत बोलू नये अशी आपली रीत आहे. तो आहे कर्करोगानंतरच्या कामजीवनाचा.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रॉस्टेट नावाची ग्रंथी असते. तिला कर्करोग झाल्यास ती समूळ काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, ह्यू यंग यांनी १९०४ साली केली. या शस्त्रक्रियेने रोग जाई, पण त्याबरोबर पुरुषाची संभोगशक्तीही बहुधा जाई. तिचे मज्जातंतू ग्रंथीतूनच जातात, तेव्हा ते तुटणारच, असा समज होता. प्राण वाचले, मग बाकीचे कशाला विचारावे? वैद्य विचारीत नसत, रोगी सांगत नसत. अशी सात दशके लोटली.

१९७७ साली त्याच रुग्णालयातील पॅट्रिक वॉल्श यांना त्यांच्या एका रोग्याने शस्त्रक्रियेनंतर आपली शक्ती शाबूत असल्याचे सांगितले. वॉल्श विचारात पडले. एकाची राहते, तर इतरांची का जावी? १९८१ साली हॉलंडमधील लायडन येथे त्यांना निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर भेटले. मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहाचे दोघांनी विच्छेदन केले, तेव्हा ते तंतू ग्रंथीच्या बाहेरून जाताना दिसले! २६ एप्रिल १९८२ रोजी ते जपून वॉल्श यांनी शस्त्रक्रिया केली. बावन्न वर्षांच्या त्या रोग्याची शक्ती वर्षभरात परतली.

म्हणून सर्वांचीच परतते असे नव्हे. वय आणि रोगाचा पसारा यांवर ते अवलंबून असते. रोग तंतूंपर्यंत पोहोचला असेल, तर ते कापावेच लागतात. पण आज औषधे आहेत, उपकरणे आहेत, पतिपत्नींना एकत्र बसवून दिला जाणारा सल्ला आहे. गर्भाशयाच्या वा स्तनाच्या कर्करोगानंतर स्त्रियांना होणाऱ्या वेदनांवर, कोरडेपणावरही उपाय आहेत. मात्र ते मागावे लागतात.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून हेच विषय मोकळेपणे मांडले आणि त्यापायी खटले सोसले. तरीही आपली जीभ अजून अडखळते. वॉल्श यांचा तो रोगी संकोचाने गप्प राहता, तर वॉल्श यांना तो प्रश्न कदाचित पडलाही नसता. वैद्यासमोर बसल्यावर आपण एवढे आठवू या.