पडद्याची रुंदी, पानाची उंची

गेल्या वर्षी जूनमध्ये, महाविद्यालय उघडण्याच्या सुमारास, आमच्या मराठी विभागात सतरा इंचांहून किंचित मोठ्या पडद्याचा एक लॅपटॉप दाखल झाला. विभागाला संगणक नवा नाही. परंतु एवढ्या मोठ्या पडद्याचा आणि तरीही पिशवीत घालून वर्गात नेता येईल असा हा पहिलाच. खोके उघडले तेव्हा जमलेल्या प्रत्येकाने काही ना काही उद्गार काढला. ग्रंथपाल म्हणाले, 'हा तर वर्तमानपत्रासारखा उघडतो.' शिपाईमामांनी तो उचलून पाहिला आणि 'सर, हा आपल्या कपाटात आडवा काही मावायचा नाही,' असा निर्णय दिला. आम्ही दोघांनी, सवयीप्रमाणे, ज्ञानेश्वरीच्या राजवाडे प्रतीचे एक पान आणि साखरे प्रतीचे एक पान शेजारी-शेजारी लावून पाहिले.

नंतर विचार करता एक गोष्ट लक्षात आली. यंत्राचा वेग, स्मृती, आतील सामग्री यांविषयी कोणीही अवाक्षर काढले नव्हते. प्रत्येकाने नव्या पडद्याची तुलना आपल्या हाताखालच्या जुन्या वस्तूशी केली होती : कोणी वर्तमानपत्राशी, कोणी कपाटाशी, कोणी पुस्तकाच्या पानाशी. नव्या यंत्राविषयी मालकाचे पहिले मत हे बहुधा त्याने मागे सोडलेल्या वस्तूविषयीचे शेवटचे मत असते. हे खरे मानले, तर सुवाह्य संगणकाच्या मालकांना पडदा प्रथमदर्शनी कसा दिसला याचा इतिहास हा वाचनाच्या इतिहासाचाच एक लहानसा अध्याय ठरतो. तो साहित्याच्या अभ्यासकांनी लिहिण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

या अध्यायाचा आरंभ एप्रिल १९८१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथील वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये करावा लागतो. तेथे 'ऑस्बर्न १' हे यंत्र लोकांपुढे आले. उचलून नेता येणारे संगणक त्यापूर्वीही झाले होते. पण सामान्य ग्राहकाने मोठ्या संख्येने विकत घेतलेला असा हा पहिला. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो. झाकण लावले की तो शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे, आणि पाहणाऱ्यांनी ही उपमा तेव्हाच वापरली. झाकण उघडल्यावर मात्र दोन फ्लॉपी खणांच्या मध्ये अवघ्या ५ इंचांचा पडदा दिसे. त्यावर एका वेळी ५२ अक्षरांच्या २४ ओळी मावत.

५२ या आकड्यापाशी थोडे थांबावे लागेल. टंकलिखित पानावरची इंग्रजी ओळ साधारण ६० ते ६५ अक्षरांची असे. संगणकाच्या मोठ्या पडद्यांवर ८० अक्षरांची ओळ रूढ होती. तिचे मूळ १९२८ मध्ये आलेल्या ८० स्तंभांच्या छिद्रपत्रात सापडते. म्हणजे ऑस्बर्नच्या पडद्यावर ना टंकलेखनाची ओळ पुरी मावत होती, ना संगणकाची. त्यावर उपाय असा केला होता की, स्मृतीत १२८ अक्षरांपर्यंत लांब ओळ ठेवायची आणि पडदा ही त्या ओळीवरून डावी-उजवीकडे सरकणारी खिडकी मानायची. वाक्याचे उद्देश्य पाहावे तर विधेय पडद्याबाहेर, आणि विधेयाकडे सरकावे तर उद्देश्य दिसेनासे होणार. दाराच्या फटीतून कीर्तन पाहावे तसा हा प्रकार होता.

असे असूनही मालक त्यावर खूश होते, कारण वर्डस्टारसारखी लेखनप्रणाली यंत्राच्या किमतीतच मिळत होती. यंत्राचा निर्माता अॅडम ऑस्बर्न हा मुळात संगणकविषयक पुस्तकांचा लेखक आणि प्रकाशक. उत्तमाच्या मागे न लागता पुरेसे असेल ते स्वस्तात द्यावे, ही त्याची भूमिका. यंत्राची रचना केली ली फेल्झेनस्टाइन याने. त्यानेच पूर्वी रचलेल्या 'सोल' या टेबलावरच्या संगणकावर जेम्स फॅलोज हा अमेरिकन पत्रकार लिहीत असे, आणि जुलै १९८२ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात त्याने संगणकासोबतच्या आपल्या सहवासावर एक लेख लिहिला. यंत्राच्या अंतरंगापेक्षा लिहिणाऱ्याच्या दिनक्रमाला महत्त्व देणारा हा लेखनप्रकार तेव्हा आकार घेत होता. मालकाच्या हकीकतीला समीक्षेचा दर्जा मिळण्याची ती सुरुवात म्हणावी लागेल.

पडदा वाढवण्याची निकड बाजाराने लगेच ओळखली. १९८२ मध्ये 'केप्रो २' ९ इंचांचा पडदा आणि पुरी ८० अक्षरांची ओळ घेऊन आला. त्याच वर्षअखेर जाहीर झालेल्या कॉम्पॅकच्या यंत्राचा पडदाही ९ इंचांचा होता. ऑस्बर्न कंपनीने सप्टेंबर १९८३ मध्ये दिवाळखोरी पत्करली. त्याची कारणे अनेक आहेत. केवळ लहान पडद्यावर तिचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. १९८४ च्या 'डेटा जनरल वन'मध्ये ८० अक्षरांच्या २५ ओळी चपट्या द्रवस्फटिक पडद्यावर उतरल्या. आता पान पुरे होते, पण उजेड नव्हता. पडद्याला स्वतःचा प्रकाश नसल्याने मालकाला खिडकी, दिवा आणि आपली मान यांचा कोन साधत बसावे लागे.

याच काळातला एक अपवाद आमच्या मुद्द्याला बळकटी देतो. १९८३ मध्ये आलेल्या टँडीच्या 'मॉडेल १००'वर ४० अक्षरांच्या फक्त ८ ओळी दिसत. ऑस्बर्नपेक्षाही हा पडदा दरिद्री. तरीही वार्ताहरांनी तो डोक्यावर घेतला. चार साध्या सेलवर चालणारे ते यंत्र त्यांनी टंकलेखन यंत्राच्या जागी घेतलेच नव्हते. ते खिशातल्या टिपणवहीच्या जागी आले होते, आणि टिपणवहीच्या पानावर आठ ओळी काही कमी नव्हेत. एकाची फट ती दुसऱ्याची वही, असा हा हिशेब आहे.

पुढील दहा वर्षांत पडदे उजळले, रंगीत झाले. पण ते अद्याप कळफलकाहून अरुंदच होते. १९९५ मध्ये आयबीएमने 'थिंकपॅड ७०१' काढला. त्याचा पडदा १०.४ इंचांचा. दोन हातांची दहा बोटे मावतील असा कळफलक तेवढ्या रुंदीत बसेना, म्हणून तो दोन तुकड्यांत कापला होता. झाकण उघडताच फुलपाखराच्या पंखांसारखे ते तुकडे बाहेर सरकत आणि कडेला झुलत. पाहणारा हरखून जाई. मात्र पुढे पडदेच इतके रुंदावले की पंखांची गरज उरली नाही.

त्या रुंदीकरणाचा उत्कर्षबिंदू म्हणून ७ जानेवारी २००३ ही तारीख सांगता येईल. पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोच. तेथे अॅपल कंपनीने १७ इंची पडद्याचा 'पॉवरबुक' सादर केला : १४४० गुणिले ९०० बिंदूंचा आडवा पडदा, १ इंच जाडी, सुमारे ३.१ किलो वजन. त्याच दिवशी १२ इंची धाकटे भावंडही जाहीर झाले. या जोडीच्या जाहिरातीत विमानात शेजारी बसलेले दोन प्रवासी दिसत. साडेसात फुटी बास्केटबॉलपटू याओ मिंग याच्या हातात १२ इंची यंत्र आणि अतिशय ठेंगणा नट व्हर्न ट्रॉयर याच्या मांडीवर १७ इंची. विनोद सोपा होता, पण त्यात एक नेमके निरीक्षण दडले होते. एवढे मोठे यंत्र सार्वजनिक ठिकाणी उघडणारा माणूस पडद्याकडे पाहतो, त्याहून अधिक लोक त्याच्याकडे पाहतात.

मोठा पडदा उघडल्यावर कळफलकाची उणीव उलट बाजूने जाणवू लागली. पॉवरबुकमध्ये कळफलक लहान यंत्रातला होता तेवढाच राहिला आणि दोन्ही अंगांना उरलेल्या जागी ध्वनिक्षेपकांच्या जाळ्या आल्या. इतर अनेक उत्पादकांनी ती जागा आकड्यांच्या कळांना दिली. त्यामुळे लिहिणाऱ्याचे हात पडद्याच्या मध्यापासून डावीकडे सरकले. आमच्या यंत्राचीही हीच तऱ्हा आहे. पहिला आठवडाभर आम्ही दोघेही मान तिरकी करून लिहीत होतो. परंतु या पिढीच्या पडद्याने दिलेली खरी देणगी म्हणजे जोडपान. १६:१० प्रमाणाच्या १७ इंची पडद्याची उंची ९ इंच भरते. ए-४ आकाराची दोन पाने, मूळच्या सुमारे तीन-चतुर्थांश आकारात, त्यावर शेजारी-शेजारी उभी राहतात. खर्डा आणि सुधारलेला खर्डा, मूळ आणि भाषांतर, एक पाठ आणि दुसरा पाठ अशी जोडीने वाचायची सवय असलेल्यांना मोठ्या पडद्याचा अर्थ येथे प्रथम गवसला.

एक योगायोग नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. ५ इंची फटीपासून ज्याने ही वाटचाल सुरू करून दिली, तो अॅडम ऑस्बर्न त्याच वर्षी, १८ मार्च २००३ रोजी, कोडाईकनाल येथे वारला. त्याचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे अनुयायी आणि भाष्यकार. अॅडमच्या बालपणाचा बराच काळ तिरुवन्नामलै आणि कोडाईकनाल या परिसरात गेला होता. दीर्घ आजारात तो अखेर तेथेच परतला. १७ इंची पॉवरबुक त्याच सुमारास ग्राहकांच्या हाती पडत होता.

यानंतरचे वळण मात्र सरळ प्रगतीचे नाही. २००८ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत लॅपटॉपचे पडदे १६:१० वरून १६:९ या प्रमाणाकडे वळले. हे प्रमाण दूरचित्रवाणीचे. दोन्हींचे पडदे एकाच घाटाचे झाले की मोठ्या काचेतून ते कापणे उत्पादकाला परवडते. ग्राहकाला सांगितला जाणारा आकडा कर्णाचा, आणि येथेच भूमितीची मेख आहे. १७ इंचांच्या जागी १७.३ इंच आले, आकडा वाढला. पण उंची ९ इंचांवरून साडेआठ इंचांच्या आसपास उतरली, आणि क्षेत्रफळही सुमारे १३० चौरस इंचांवरून १२८ पर्यंत घटले. 'मोठा' या विशेषणाखाली लहान वस्तू विकली गेली, असे म्हटले तर ते गणिताने खोटे ठरणार नाही. पान पाहणाऱ्याचा पडदा चित्रपट पाहणाऱ्याकडे गेला होता.

साधनसामग्रीच्या सोयीने पानाचा घाट ठरावा, हे आपल्या परंपरेला अपरिचित नाही. आपली पोथी आडवी का? ताडाचे पान लांब आणि अरुंद असते म्हणून. पुढे कागद आला, तो हव्या त्या आकारात कापता येत होता, तरी पोथी कित्येक शतके आडवीच राहिली. सामग्री गेली, सवय उरली. उभे पुस्तक रूढ होण्यास छापखाना यावा लागला. १६:९ चा पडदा पाहून आम्हांस पोथीची आठवण झाली ती यामुळे. वस्तूचा आकार वाचकाच्या डोळ्याने ठरवला, असे इतिहासात फार वेळा घडलेले दिसत नाही.

उंचीतली ही घट देवनागरी वाचकाला अधिक बोचते. रोमन अक्षराच्या मानाने आपल्या ओळीला उभी जागा जास्त लागते : वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. त्यांची एकमेकांत गुंतवळ होऊ नये म्हणून ओळींत अंतर सोडावे लागते. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' टंक ज्यांनी वापरला आहे, त्यांना हे ऐसपैस अंतर आठवत असेल. पडद्याची उंची अर्धा इंच घटली तर इंग्रजी वाचकाच्या दोन ओळी जातील तेव्हा आपली एक जाते. पण आपल्या ओळी मुळातच मोजक्या. आमच्या पहिल्या प्रयोगात हेच घडले. दोन्ही प्रतींची पाने शेजारी आली खरी, परंतु ऱ्हस्व-दीर्घाचा भेद डोळ्यांना पटेना. आकार वाढवला तर तळच्या ओव्या पडद्याखाली गेल्या. पाठभेद पाहायला बसलो होतो, आणि दिसत होते ते पाठांचे अर्धे-अर्धे तुकडे.

येथेच लेख संपवून रुंद पडद्यावर ठपका ठेवण्याचा आमचा विचार होता. तो एका विद्यार्थिनीने बदलायला लावला. ती एम.ए.च्या वर्गात आहे; तिची दृष्टी फार अधू आहे. जुन्या ग्रंथांची पाने छायाप्रतीच्या रूपात तिला भ्रमणध्वनीवर वाचावी लागत. छायाचित्रातले अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. ती बोटाने डावीकडे ओढायची, शेवटाला पोहोचायचे, मग पुन्हा उजवीकडे ओढून पुढची ओळ शोधायची. आणि त्या ये-जा करण्यात ओळ चुकायची. ऑस्बर्नच्या मालकांनी १९८१ मध्ये सोसलेली ती सरकती खिडकी आमच्या वर्गात एक मुलगी रोज सोसत होती, आणि आम्हांला ते ठाऊक नव्हते. तिला आम्ही हे यंत्र दिले. तिने एक पान लावले, आपल्याला हवे तेवढे मोठे केले, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'सर, ओळ हलवावी लागत नाही.'

पडद्यावर त्या वेळी जेमतेम सहा ओळी होत्या. उंचीविषयीची आमची तक्रार तिच्या लेखी नव्हतीच. तिला रुंदी हवी होती, आणि दूरचित्रवाणीच्या काचेच्या हिशेबाने का होईना, ती तिला मिळाली होती.

२०१९ च्या आरंभी एलजी कंपनीने १७ इंची, पुन्हा १६:१० प्रमाणाचा आणि वजनाने सुमारे १.३ किलो असा लॅपटॉप आणला. पुढील काही वर्षांत इतरही अनेक उत्पादक उंचीकडे परतले. ११ किलोंची शिवणयंत्राची पेटी आणि हे यंत्र यांच्यात चार दशके देखील पुरी नाहीत. विभागासाठी पुढचे यंत्र घ्यायची वेळ येईल तेव्हा आम्ही दोघे अर्थातच उंची मागू. पण मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी ते त्या मुलीच्या हाती द्यायचे, एवढे आम्ही ठरवले आहे. तोवर यंत्राची वाटणी झाली आहे : सोमवार-मंगळवार पाठभेदांसाठी आमच्याकडे, उरलेले दिवस तिच्याकडे. शिपाईमामांचे म्हणणे खरे निघाले; कपाटात तो मावत नाही. आता तसा तो कपाटात ठेवण्याची वेळही येत नाही.