स्वमग्न बालकांची चाल

वसईचें नांव निघालें कीं संशोधकांस इ. स. १७३९ ची मोहीम आठवते. प्रस्तुत टिपण त्याच वसई-विरारच्या घरांतील एका निराळ्या प्रश्नाविषयीं आहे. एखादें स्वमग्न मूल टाचा न टेकतां चवड्यांवर चालतें, जिना उतरतांना अडखळतें. घरचीं माणसें खोड समजून त्यास रागें भरतात. ही खोड, कीं त्या अवस्थेचेंच अंग? याचा निर्णय अस्सल साधनांवरून करूं.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत वातव्याधींमध्यें खंज, पंगु व कलायखंज हे भेद सांगितले आहेत. कलायखंजाचा रोगी पाऊल टाकूं लागतांच कांपतो व लंगडतो. तेवढ्यावरून तेथें स्वमग्नता शोधणें म्हणजे आजचा शिक्का जुन्या कागदावर उमटविणें होय. चालीवरून रोगपरीक्षा करण्याची रीत प्राचीन आहे, इतकेंच त्यावरून सिद्ध होतें.

खरा आधार बाल्टिमोरचे लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या लेखांत मिळतो. त्यांत वर्णिलेल्या अकरा बालकांपैकीं कित्येकांची चाल बेढब, परंतु बोटांचें बारीक काम कुशल, अशी नोंद आहे. व्हिएन्नाचे हान्स आस्पर्गर यांनींही १९४४ सालीं हालचालींतील बोजडपणा टिपला. अमेरिकन मानसोपचार संघाच्या २०१३ च्या निदानग्रंथांत चवड्यांवर चालण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. सारांश, चालीची नोंद मूळ कागदांतच आहे. ती मागाहून घुसडलेली नव्हे.

उपायही आहे. ज्यास फिजिओथेरपी म्हणतात त्या भौतिकोपचारांत प्रथम घोटा किती वांकतो हें पाहतात. पोटरी आंखडली असल्यास ती ताणण्याचे व्यायाम, क्वचित् पायास आधारपट्टी. पुढें तोल, पायऱ्या व खडबडीत जमीन यांचा सराव. स्वमग्न मुलास लांब सूचनेपेक्षां चित्र, ठराविक क्रम व ठराविक वेळ अधिक मानवते. उपचारकाच्या सल्ल्यानें अर्नाळ्याची वाळूही शाळा होऊं शकते. मात्र या विषयावरील बरेंच संशोधन लहान गटांवरचें आहे. आणि चाल सुधारणें म्हणजे स्वमग्नता घालविणें नव्हे. पडणें, दुखणें व थकणें कमी व्हावें, हाच हेतु.

मुंबईंत पोलिओच्या सांथीनंतर, १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभीं, के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराचें शिक्षण सुरू झालें. हाजी अली येथील पुनर्वसनसंस्था १९५५ ची. विरारहून मुंबईस आगगाडी १८६७ पासून जाते. परंतु ज्याचा पाय जिन्यावर ठरत नाहीं त्यास ती जवळ असून दूर. कायद्याची वाटही लांबच होती: १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत स्वमग्नतेचें नांव नव्हतें, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत तें आलें व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्थिर झालें.

कागदांची किंमत जाणणाऱ्या वाचकांस एक विनंति. घरीं वा शेजारीं असें मूल असल्यास तें केव्हां चालूं लागलें, टाच केव्हां टेकतें, कोठें पडतें, याचें तारीखवार टिपण आईबापांकडून ठेववावें. उपचारकास तो पहिला अस्सल कागद होय, आणि मुलास विनाकारण बसणारा मारही त्यानें चुकेल.