१८४१ च्या जनगणनेतील वय
१२. इंग्लंड-वेल्समधील ६ जून १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे, अशी प्रगणकांना सूचना होती; ती सर्वांनी पाळली नाही. म्हणून ‘३५’ या नोंदीवरून वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मसाल १८०६ असे ठोकून देऊ नये. ‘१८०१ ते १८०६ दरम्यान, अंदाजे’ असे भरावे. कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही या गणनेत नाही, ते १८५१ पासून मिळते. तेव्हा एका घरातली मुले त्याच दांपत्याची, असे गृहीत धरू नये. जनगणना ही एकच घटना म्हणून नोंदवून घरातील सर्वांना तिच्याशी जोडावे आणि मूळ पानावरचे वय व नावाचे स्पेलिंग जसेच्या तसे उतरवावे. पुढच्या अभ्यासकाला मूळ नोंद कोणती आणि आपला तर्क कोणता, हे वेगळे दिसलेच पाहिजे. — संपा.