कॅमेऱ्याची साक्ष

अमेरिकेतील एडिसन कंपनीने १९१२ साली ‘चिल्ड्रेन हू लेबर’ नावाचा मूकपट काढला. राष्ट्रीय बालश्रम समितीचे साहाय्य त्यास लाभले होते. गिरणीत राबणाऱ्या पोरांविषयी बेपर्वा असलेल्या एका धनिकाची मुलगी हरवते, एका गरीब स्थलांतरित कुटुंबाच्या आश्रयास जाते आणि अखेर बापाच्याच गिरणीत कामाला लागते. तेव्हा कोठे त्याचे डोळे उघडतात. हेतू चांगला, कथाही रंजक. परंतु परक्याचे मूल दिसण्यासाठी स्वतःचे मूल हरवावे लागते, ही त्यातील कबुली काही सुखद नव्हे.

त्याच समितीने १९०८ मध्ये लुइस हाइन या न्यूयॉर्कमधील शिक्षकाला छायाचित्रकार म्हणून नेमले होते. त्याची रीत निराळी. पुढे अनुबोधपटांनी जी शिस्त पत्करली, ती त्याच्या स्थिर चित्रांत आधीच दिसते. गिरणीत शिरण्यासाठी तो कधी बायबल विकणारा होई, तर कधी यंत्रांची छायाचित्रे घेणारा. मुलांची उंची तो आपल्या जाकिटाच्या बटणांवरून अजमावी आणि खिशातल्या खिशात टिपण करी. उत्तर कॅरोलायनातील व्हिटनेल सूतगिरणीत डिसेंबर १९०८ मध्ये भेटलेल्या एका मुलीची नोंद अशी: उंची ५१ इंच, कामाला एक वर्ष झालेले, कधी रात्रीचेही काम, रोजी ४८ सेंट. वय विचारताच ती अडखळली, आठवत नाही म्हणाली. मग विश्वासाने सांगून गेली, की कामाला लागण्याएवढे आपले वय नाही, तरी काम करावे लागतेच. ५० कामकऱ्यांत तिच्याएवढी दहा मुले होती. चित्र बनावट आहे असे मालकाला म्हणता येई. हे इंच आणि सेंट खोडून काढणे त्याला जड जाई.

१९१६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. १४ वर्षांखालील मुले राबविणाऱ्या कारखान्याचा माल परराज्यात पाठविण्यास त्याने बंदी घातली. दोन वर्षांतच सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द ठरविला. दाद मागणारा होता उत्तर कॅरोलायनातीलच एक गिरणीकामगार, आपल्या दोन मुलांच्या वतीने! त्याच्यामागे गिरणीमालकांचे बळ होते हे खरे. पण पोरांची मजुरी बुडेल ही बापाची धास्ती छायाचित्रात उतरणे कठीणच.

१९३८ च्या श्रमविषयक कायद्याने बंदी परत आणली आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरीत जुना निर्णय बाजूस सारला. हाइन त्यापूर्वीच, नोव्हेंबर १९४० मध्ये, विपन्नावस्थेत वारला होता. त्याची या विषयावरील पाच हजारांवर छायाचित्रे, टिपणांसह, वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत.