तीन वर्षांचे रविवार आणि एक एकवीस अंकी संख्या

१/ १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.
एका फ्रेंच मठवासीयाच्या शब्दावर ही संख्या तब्बल २३२ वर्षे मूळ संख्यांच्या पंगतीत बसली होती. तिला तेथून उठवण्याचा हा इतिहास.

२/ दोनाच्या ६७व्या घातातून १ वजा केला की ही संख्या मिळते. पॅरिसच्या मारें मेर्सेन यांनी १६४४ साली अशा संख्यांची यादी प्रसिद्ध केली. २५७पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांनीच मूळ संख्या मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिद्धता मात्र दिलेली नव्हती.

३/ पडताळणी सोपी नव्हती. या संख्येचे वर्गमूळच सुमारे १,२१५ कोटी भरते. तिथपर्यंत भागाकार करीत जाणे मानवी आयुष्याच्या आवाक्याबाहेरचे. एक आधार होता. १६४० साली फर्मा यांनी मेर्सेन यांनाच कळवलेल्या नियमानुसार हिचा प्रत्येक मूळ विभाजक १३४च्या पटीपेक्षा १ने अधिक असला पाहिजे. तरीही उरलेले उमेदवार कोट्यवधी होते.

४/ १८७६ साली एद्वार ल्यूका यांनी वेगळी वाट शोधली. त्यांच्या कसोटीने ही संख्या संयुक्त ठरली. पण त्या कसोटीतून केवळ निर्णय मिळतो, अवयव मिळत नाहीत. संख्या फुटते हे निश्चित झाले. कोठे फुटते हे अज्ञातच राहिले.

५/ ३१ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी उत्तर मांडले:
१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७.

६/ कोल यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर हा गुणाकार केला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, असे गणितज्ञ ई. टी. बेल यांनी पुढे लिहिले. किती काळ लागला, या प्रश्नावर कोल यांनी ‘तीन वर्षांचे रविवार’ असे सांगितल्याचेही बेल नमूद करतात. प्रसंगाला कथेचा रंग चढला असेल. गुणाकार मात्र कोणीही कागदावर पडताळू शकतो.

७/ फर्मा यांचा नियमही येथे तंतोतंत उतरतो. लहान अवयव म्हणजे १३४ × १४,४५,५८० + १.

८/ मेर्सेन यांच्या यादीची संपूर्ण तपासणी १९४७पर्यंत चालली. ६७ आणि २५७ चुकीचे ठरले; ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेले आढळले.

९/ आज संगणक हे अवयव क्षणात काढतो. परंतु शेकडो अंकी संख्यांपुढे तोही हतबल होतो. गुणाकार सुलभ, अवयव पाडणे दुष्कर, या विषमतेवरच १९७७ची आरएसए ही गुप्तलेखन पद्धती उभी आहे. कोल यांनी फळ्यावर काही मिनिटांत जे मांडले, ते शोधण्यास वर्षे लागली होती. कुलूप आणि किल्ली यांतील अंतर तेवढेच आहे.