बियाणे कधी बदलायचे? यवतमाळच्या कपाशीची दीडशे वर्षे

१/१७
मे महिना सरत आला की यवतमाळ जिल्ह्यातील कृषी केंद्रांत दर वर्षी एकच विचार चालतो : मागच्या हंगामाचे वाण घ्यावे, की नव्याने आलेले? की त्याहून चांगले येणार म्हणतात, त्याची वाट पाहावी? नव्या ग्राफिक्स कार्डासाठी थांबलेल्या माणसाचा संगणक तोवर जुन्या कार्डावर चालत राहतो. कोरडवाहू शेतकऱ्याला ही सवलत नाही. मृगाचा पाऊस झाला की हाती असेल ते पेरावे लागते, आणि निर्णय चुकला तर दुरुस्ती थेट पुढच्या जूनमध्ये. या निर्णयाच्या इतिहासाचा हा थ्रेड.

२/१७
१८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. या पट्ट्यातील ‘बनी’ हा देशी कापूस तलम धाग्यासाठी नावाजलेला होता. शेजारच्या हिंगणघाटच्या बाजारपेठेचे नाव त्याला व्यापारात चिकटले. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा पुरवठा तोडला, तेव्हा या कापसाकडे साम्राज्याचे लक्ष वळले. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक हे स्वतंत्र कापूस आयुक्त नेमले गेले.

३/१७
शेतकरी मात्र हळूहळू बनीपासून दूर गेला. त्याने ‘रोझियम’सारखी आखूड, जाड्याभरड्या धाग्याची वाणे जवळ केली. सरकारी अहवालांनी याला कापसाचा ऱ्हास म्हटले. शेतकऱ्याचे गणित वेगळे होते. रोझियम काटक होते आणि तेवढ्याच कापसातून रुई बरीच अधिक निघे. तलम धाग्याला व्यापारी जो जादा भाव देत, तो ही तूट भरून काढण्यास पुरत नसे. ‘सुधारणा’ कोणाच्या हिशेबाने मोजायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

४/१७
त्या बदलाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे : बियाणे घरचे होते. कापूस घरच्या रेच्यावर वटवला जाई, रुई विकली जाई आणि निवडलेली सरकी पुढच्या पेरणीसाठी राहत असे. नवे वाण वावराच्या एका कोपऱ्यात पेरून पाहता येई. पसंत न पडल्यास जुनी सरकी घरात होतीच. निर्णयाला घाई नव्हती, कारण परतीची वाट मोकळी होती.

५/१७
या वाटेवर पहिला अडसर वाफेवर चालणाऱ्या जिनांनी आणला. गावोगावचा कापूस एकाच जिनात वटू लागला आणि सरकीची सरमिसळ झाली. शेतकरी जिनातून सरकी आणून पेरू लागला. तिच्यात कोणते वाण किती, हे सांगणे अवघड झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी कृषी खात्याने शुद्ध बियाण्याच्या मोहिमा घेतल्या, त्यामागे हेच दुखणे होते.

६/१७
दुसरे वळण १९७० चे. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ तयार केले. व्यापारी लागवडीसाठी आलेला हा जगातील पहिला संकरित कापूस. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ आणि नांदेडचे ‘एनएचएच-४४’ विदर्भात रुजले. उत्पन्न वाढले. पण संकरित झाडाची सरकी पुढच्या वर्षी तेच गुण देत नाही. बियाणे ही घरात राखण्याची वस्तू न राहता दर जूनमध्ये विकत घेण्याची वस्तू झाली.

७/१७
संकरित कपाशीला खते हवी होती, आणि कीडही तिच्यावर तुटून पडे. ऐंशीच्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशके आली. प्रारंभी गुण आला, पण दशक संपण्यापूर्वीच अमेरिकन बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली. फवारण्यांची संख्या आणि उधारीचे आकडे बरोबरीने चढत गेले. नवे तंत्र, त्याला सरावणारी अळी आणि म्हणून आणखी नवे तंत्र, हा क्रम बीटीच्या आधीच सुरू झाला होता.

८/१७
२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना मान्यता दिली : मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. मातीतील एका जिवाणूचे ‘क्राय-१-एसी’ हे जनुक कपाशीत घातले होते, त्यामुळे पाने-बोंडे खाणारी अळी मरे. ४५० ग्रॅमचे पाकीट सुमारे १,६०० रुपयांना पडे. साध्या संकरित पाकिटाच्या तिपटीहून अधिक. त्यातील मोठा वाटा तंत्रज्ञान-शुल्काचा होता.

९/१७
थांबावे की घ्यावे? थांबणाऱ्यांची बाजू लवकरच काही अंशी खरी ठरली. जनुक नवे असले तरी ते ज्या वाणांत घातले होते, ती सर्वच मातींना मानवली नाहीत. २००५ मध्ये या तीन वाणांना आंध्र प्रदेशात मुदतवाढ नाकारली गेली. अधिक योग्य वाणांत हेच जनुक नंतर आले. मात्र जे थांबले, त्यांना त्या वर्षांत बोंडअळीसाठी फवारणीचा खर्च सोसावा लागला. थांबणेही फुकट नव्हते.

१०/१७
२००६ हे वर्ष या कोड्याचे उत्तम उदाहरण आहे. आंध्र सरकारच्या तक्रारीवरून मक्तेदारी आयोगापुढे प्रकरण गेले आणि बीटी पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. एकरी एक पाकीट धरले, तर पाच एकरांसाठी जिथे ८,००० रुपये लागत, तिथे ३,७५० पुरू लागले. त्याच वर्षी दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ मान्य झाले. म्हणजे आदल्या हंगामात महाग बियाणे घेणाऱ्याच्या हाती वर्षभरात स्वस्त झालेली आणि जुनी ठरलेली वस्तू उरली. याच पावसाळ्याच्या तोंडावर पंतप्रधानांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. संकटाची खोली त्यावरून कळते.

११/१७
देशाची सरासरी उत्पादकता २००२-०३ मधील हेक्टरी सुमारे ३०० किलो रुईवरून २००७-०८ पर्यंत ५५० किलोंच्या आसपास गेली. याचे श्रेय किती बीटीला, किती सिंचनाला आणि किती नव्या कीटकनाशकांना, यावर अभ्यासकांत वाद आहे. निर्विवाद गोष्ट इतकीच, की काही वर्षांत बाजारातून बिगर-बीटी बियाणे जवळजवळ नाहीसे झाले. ‘आम्ही थांबतो’ असे म्हणणाऱ्यासाठी दुकानात जुने पाकीटच उरले नाही.

१२/१७
घरी राखता येईल असे बीटी बियाणे देण्याचा एक प्रयत्न झाला होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण २००९ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोचले. परंतु त्यात खासगी कंपनीच्या बीटी जनुकाचा अंश आढळला आणि ते मागे घ्यावे लागले. परतीची वाट पुन्हा उघडण्याची ती संधी एका हंगामात संपली.

१३/१७
बीटी तंत्राबरोबर एक अट होती. क्षेत्राच्या २० टक्के भागात किंवा कडेच्या पाच ओळींत बिगर-बीटी कपाशी लावायची, म्हणजे बीटीला न सरावलेल्या अळ्या तिथे जगतील आणि प्रतिकार पसरणार नाही. त्यासाठी १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळे. ज्याचे रानच चार-पाच एकर आहे, त्याने पाचवा हिस्सा अळीला का द्यावा? बहुतेक पुड्या बांधावरच राहिल्या. एकट्याच्या दृष्टीने शहाणपणाचा असलेला हा निर्णय सर्वांनी मिळून घेतला, तेव्हा सर्वांनाच महाग पडला.

१४/१७
मार्च २०१० मध्ये मोन्सँटोने गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याचे मान्य केले. २०१७ पर्यंत बोलगार्ड-२ चीही तीच गत महाराष्ट्रभर दिसली. कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी यामागे बीटीबरोबर आलेल्या दीर्घ मुदतीच्या संकरित वाणांकडे बोट दाखवले. ही कपाशी हिवाळ्यातही उभी राहते, आणि ‘फरदड’ घेतली तर त्याहून पुढे. गुलाबी अळीला अन्न अखंड मिळते. जनुक बदलले, पण त्याच्यासोबत आलेली लांब मुदत कोणी पारखली नव्हती.

१५/१७
२०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींवर बीटी जनुकाचा प्रभाव नाही, आणि बोंडअळीही परतली होती. ज्या बियाण्याने फवारणी घटेल असे म्हटले गेले, त्याच्या पंधराव्या वर्षी मजूर डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पंप घेऊन चालत होता.

१६/१७
दरम्यान पुढची पिढी येऊ घातली होती : तणनाशक सोसणारी कपाशी. निंदणाला माणसे मिळेनात आणि मजुरी वाढलेली. तिचे आकर्षण स्वाभाविक होते. पण रॉयल्टी आणि तंत्रज्ञान-वाटपावरून सरकारशी वाद झाला आणि २०१६ मध्ये महिकोने मान्यतेचा अर्ज मागे घेतला. अधिकृत बियाणे आले नाही. ‘एचटीबीटी’ नावाने बेकायदा पाकिटे मात्र आली, बिलाविना आणि हमीविना. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरले. पर्यावरण कायद्याखाली या गुन्ह्याला तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. थांबायला सांगितलेल्या माणसाला ‘कधीपर्यंत’ याचे उत्तर मिळाले नाही, तर तो चोरवाटेने जातो.

१७/१७
अलीकडे कृषी खात्याचा भर वेळापत्रकावर आहे : जूनपूर्वी कपाशी पेरू नये, हंगाम वेळेत संपवावा, फरदड घेऊ नये. गुलाबी अळीचे जीवनचक्र तोडण्याचा हा साधा उपाय. त्याच्या जोडीला कमी मुदतीच्या सरळ वाणांची सघन लागवड पुन्हा आजमावली जात आहे. सरळ वाणाची सरकी पुढच्या वर्षीही तेच गुण देते, आणि २००१ चा पीक वाण संरक्षण कायदा ती राखण्याचा, पेरण्याचा व एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य करतो. बनीच्या काळी नव्या वाणासाठी थांबणे परवडत असे, ते घरातल्या त्या मूठभर सरकीमुळेच.